आरशाचा खटका

"सकाळपासून स्वतःचंच थोबाड बघतेय मी. लग्नात पण एवढं बघितलं नव्हतं," गोदूबाई पुटपुटली. तिला वाटलं, आपण मनातल्या मनात बोललो. पण टेबलं इतकी खेटून होती की तिच्या तोंडातल्या लवंगेचा वाससुद्धा शेवंतीला यायचा, मग बोलणं कसं ऐकू येणार नाही?

"मग डोळे मीट की गो," शेवंती म्हणाली. "काम अंगठ्याचं हाय, डोळ्यांचं नाय."

बोलली खरी, आणि बोलल्याबरोबर गप्प झाली. अंगठ्याचं नाव काढायला नको होतं.

कोलशेत रोडच्या त्या गाळ्यात गाडीच्या बाहेरच्या आरशांचे स्विच बनत. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. तोवर आपल्याकडे आरसा फिरवायचा म्हणजे काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि हवा तसा ढकलायचा. पुष्कळ जण तर तो मिटूनच ठेवायचे, कुणी येऊन धडकवू नये म्हणून. आता नव्या तऱ्हेच्या गाड्या निघाल्या होत्या. बसल्या जागी बटण दाबलं की आरसा आपला आपण मान वळवायचा. शेवंतीच्या नवऱ्याला, धाकूला, हे पटतच नव्हतं. "हात बाहेर काढायचा पण कंटाळा? मग गाडी तरी कशाला चालवतात, झोपा काढा म्हणावं घरी," असं तो म्हणायचा.

तयार झालेला प्रत्येक स्विच शेवंतीच्या नाहीतर गोदूबाईच्या टेबलावर यायचा. टेबलापुढच्या फळीवर गाडीचे दोन खरेखुरे आरसे बसवलेले होते, एक डावा, एक उजवा. स्विचची वायर सॉकेटमध्ये खोचायची, वरची कळ डावीकडे करायची आणि बटण चारही बाजूंनी दाबायचं. डावा आरसा वर बघायचा, खाली बघायचा, आत वळायचा, बाहेर वळायचा. मग कळ उजवीकडे करून तेच. कळ मध्ये असताना काही म्हणजे काही हलता कामा नये. हे सगळं डोळ्यांना दिसायचं. पण एक गोष्ट दिसायची नाही. बटण दाबल्यावर आतून बारीक खटका लागला पाहिजे आणि बोट उचलण्याआधीच बटणानं अंगठ्याला परत वर ढकललं पाहिजे. ते ढकलणं कमी पडलं तर बटण पुढे कधीतरी दाबलेलंच राहणार, आरसा फिरतच जाणार, आणि गाडीवाल्याला मागचा ट्रक दिसायच्या ऐवजी आभाळ दिसणार.

म्हणून अंगठा. शिवराम फोरमननं शेवंतीला कामावर घेतलं तेच मुळी अंगठा बघून. माजिवड्याच्या नाक्यावर ती सासूशेजारी मासे विकायला बसली होती. एक गिऱ्हाईक बोय मासा उचलून नाकाला लावत होतं. शेवंती त्याला म्हणाली, "नाक कशाला लावता? अंगठा लावा." ताज्या माशाचं अंग दाबलं की परत वर येतं, शिळ्याचं दाबलेलं तसंच राहतं. शिवराम मागेच उभा होता. "बाई, हा अंगठा मला द्या," तो म्हणाला.

"आख्खी बाई घेऊन जा," शेवंतीची सासू आवडाबाई पाटीमागून म्हणाली. "नुसता अंगठा देऊन बाकीच्या बाईचं मी काय करू?"

तशी शेवंती गाळ्यात आली. खाडीत तेव्हा मासा आधीच कमी झाला होता, आणि मिळायचा त्याला रॉकेलचा वास यायचा. धाकूचं जाळं पडवीत नुसतं टांगलेलं असायचं. घर चालायचं ते शेवंतीच्या टेबलावर. पण नुसतं तेवढंच नव्हतं. पंख्याखाली, खुर्चीवर बसून, आपल्या हाताखालून गेलेला माल लांबलांबच्या गाड्यांत बसतो, हे तिला मनापासून आवडायचं. तपासलेल्या स्विचच्या पाठीवर ती पिवळ्या रंगाचा ठिपका लावायची. गोदूबाईचा ठिपका लाल होता, बांगडीवाल्याकडून आणलेल्या नेलपॉलिशचा. रस्त्यानं नवी गाडी गेली की शेवंती मनात म्हणायची, पिवळा असेल का हिच्यात?

आणि मग अंगठा मुका झाला.

एकदम नाही झाला. पावसाळ्यानंतर कधीतरी अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाकडे, एक फिकट चट्टा आला. त्याला खाज नव्हती, आग नव्हती. उन्हातून आल्यावर सगळा हात घामेजायचा, तेवढा चट्टा कोरडा राहायचा. मग हळूहळू अंगठ्याचं टोक परक्याचं असल्यासारखं वाटायला लागलं. "शिंगाळ्याचा काटा लागलाय," शेवंती म्हणाली. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा लागला की हात ठणकतो, बधिर पडतो, हे कोलशेतच्या कोळीवाड्यात लहान मुलालाही माहीत. धाकूनं मान हलवली. शेजारणीनं हळद लावायला सांगितली. शिंगाळ्याच्या काट्याचं विष चार-आठ दिवसांत उतरतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण ते कुणी बोललं नाही.

माजिवड्याच्या नाक्याजवळ सरकारनं रंगवलेली एक भिंत होती. तिच्यावर हाताचं चित्र, हातावर फिकट चट्टा, आणि वर मोठ्या अक्षरांत रोगाचं नाव. शेवंतीला वाचता येत होतं, हीच पंचाईत. रोज सकाळी सासूची पाटी नाक्यावर पोचवायला जाताना ती भिंत आली की ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघायची. तिथे एक टायरचं दुकान होतं. ही बाई रोज आपल्याकडे टक लावून का बघते, हे कोडं त्या टायरवाल्याला पडलं असणार.

एकदा तव्यावर सुके बोंबील भाजताना वास आला तेव्हा तिला कळलं की अंगठा तव्याला टेकलाय. वास बोंबलाचा नव्हता. आवडाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, फोडाकडे बघितलं, शेवंतीकडे बघितलं, आणि परत तांदळात बोटं घातली. ज्या बाईला मीठ कमी पडलं तर आख्ख्या आळीला सांगायची सवय, ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. शेवंतीला फोडापेक्षा त्याचीच भीती वाटली.

गाळ्यात तिनं युक्त्या सुरू केल्या. डाव्या अंगठ्यानं दाबून बघितलं, पण त्याला काही समजच नव्हती, नव्या सुनेसारखा नुसता गोंधळायचा. मग ती वाकून कान बटणाशी न्यायची आणि खटका ऐकायची. ते जमायचं, पण मागच्या बाजूला ड्रिल सुरू झालं की गाळ्यात स्वतःचं नावसुद्धा ऐकू यायचं नाही. तेव्हा ती अंदाजानं पिवळा ठिपका लावायची.

माल परत यायला लागला. गाडीच्या कंपनीनं परत पाठवलेल्या पेटीत, दाबलेलीच राहिलेली बटणं, आणि सगळ्यांच्या पाठीवर पिवळे ठिपके. शिवरामनं ते तिच्यासमोर ओतले नाहीत. आपल्या टेबलाखाली सरकवले आणि म्हणाला, "होतं कधी कधी. स्प्रिंगचा लॉट खराब असेल." स्प्रिंगचा लॉट गोदूबाईलाही तोच होता. लाल ठिपक्याचा एकही स्विच परत आला नव्हता.

शेवंतीला आता रात्रंदिवस एकच दिसायचं. आधी टेबल जाईल. मग लोक विचारतील, का गेलं? मग कुणीतरी भिंतीवरचा तो शब्द उच्चारील, आणि मग घरसुद्धा जाईल. तिनं कार्ल्याच्या एकवीरेला नारळ बोलला.

आणि बघता बघता पिवळे ठिपके परत येणं थांबलं.

आई पावली, असं शेवंतीला वाटलं. अंगठा तसाच मुका होता, पण देवीनं स्प्रिंगाच सुधारल्या असतील, तिला काय अशक्य आहे? त्या आठवड्यात शेवंती गोदूबाईशीही गोड बोलली. गोदूबाई घाबरून म्हणाली, "काय गो, नोकरी सोडून चाललीस की काय?"

मग एका दुपारी ती डावा आरसा तपासत होती. आरशात आधी पत्र्याचं छप्पर दिसलं. मग खाली, फरशीवरच्या चपला. मग आत, तिचं स्वतःचं तोंड. आणि बाहेर वळवल्यावर मागचं पॅकिंगचं टेबल दिसलं. तिथे मालन बसायची. मालन डोंबिवलीजवळ कोपरला राहायची, माहेर साताऱ्याकडचं. तिचं काम सोपं होतं. तपासलेला स्विच पिशवीत घालायचा, पिशवी खोक्यात. पण आरशातली मालन तसं करत नव्हती. पिवळ्या ठिपक्याचा प्रत्येक स्विच ती हातात घेत होती, अंगठ्यानं चारही बाजूंनी दाबत होती, आणि मधूनच एखादा बाजूच्या डब्यात टाकत होती. लाल ठिपक्याचे मात्र न बघता सरळ पिशवीत.

आरसा तिथेच थांबला. शेवंतीचा अंगठा बटणावरून निघाला होता, हे तिला कळलंही नाही.

शिवराम मालनच्या टेबलाजवळून गेला. त्यानं डबा बघितला. मग खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशा थाटात मान वळवून निघून गेला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. देवीनं स्प्रिंगा सुधारल्या नव्हत्या, कोपरची मालन पाठवली होती.

त्या दिवसापासून शेवंती रोज तो आरसा थोडा जास्त वेळ बाहेर वळवून ठेवायला लागली. मालन जेवायच्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी डबा बंद करून टेबलावर परत यायची, कारण दुप्पट काम पुरं व्हायला हवं. चार शब्द बोलावेत, निदान हात धरावा, असं शेवंतीला वाटायचं. पण आभार मानायचे तर कशाबद्दल, ते सांगावं लागणार. म्हणून तिनं आभार डब्यातून आणायला सुरुवात केली. एकदा मांदेली तळून आणली, एकदा कोलंबीचं सुकं.

"का गं शेवंते, एवढा लाड?" मालन विचारायची.

"असंच. जास्त झालेलं."

"रोजच जास्त होतंय व्हय तुमच्यात? आमच्या घरी तर भांडीच चाटूनपुसून ठेवत्यात." आणि मालन खायची. शेवंतीच्या डब्यातलं, शेवंतीच्या हातानं वाढलेलं. एकदा गोदूबाईनं आपला डबा हळूच वीतभर लांब सरकवला. कुणाला दिसू नये इतक्या हळू, आणि म्हणूनच सगळ्यांना दिसला. मालननं आपला डबा त्या रिकाम्या जागेत आणून ठेवला आणि म्हणाली, "गोदूबाय, जरा सरका, मला मांडी घालायला जागाच न्हाई." शेवंतीनं तिखट लागलं म्हणून डोळे पुसले.

शेवटी तिनं मालनला रविवारी घरीच जेवायला बोलावलं.

मालन नवी साडी नेसून, हातात केळ्यांची फणी घेऊन कोलशेतला आली. धाकू शेजाऱ्याच्या होडीला डांबर लावायला गेला होता. आवडाबाई मागच्या पडवीत पाटावर बसली होती, पुढ्यात विळी, बाजूला ओल्या फडक्याखाली बोय. टोपलीत चिंबोऱ्यांच्या नांग्या खडखडत होत्या. मालननं आत डोकावून बघितलं आणि पदर सावरत मागे सरकली.

"तुमच्याकडं चिंबोऱ्या नसतात का गो?" आवडाबाईनं विचारलं.

"आमच्या विहिरीत बेडकं असत्यात. पण ती कुणी जेवायला घालत न्हाई."

आवडाबाई हसली. तिचं हसणं विरळ, शेवंतीला बरं वाटलं. आजचा दिवस नीट जाईल असं वाटलं. तेवढ्यात आवडाबाई म्हणाली, "सूनबाय, हिकडं ये. बस. डोळे मीट."

"कशाला गो आये?"

"तुझ्या मैत्रिणीला दाखवू दे आमच्याकडं मासा कसा पारखतात. कंपनीवाला तुझा अंगठा घेऊन गेला, तिला पण बघू दे कसला अंगठा तो."

शेवंती बसली. आवडाबाईनं तिच्याच पदरानं तिचे डोळे बांधले आणि दोन बोटांनी तिचं नाक धरलं. "वास घ्यायचा नाय. नुसता अंगठा." मालन खळखळून हसली. नाक धरलेली शेवंतीसुद्धा हसली, पण अंगठा तिनं मुठीत दडवला.

"हा बघ एक." तिच्या हाताखाली एक बोय आला. शेवंतीनं अंगठा दाबला. खाली काहीतरी आहे, एवढंच कळलं. ते वर आलं की नाही, ते तिला कोण सांगणार? "आता हा दुसरा." तिनं परत दाबलं.

"बोल. ताजा कनचा?"

नाक धरलेलं असल्यामुळे आवाज बारीक, लहान पोरीसारखा निघाला. "पहिला ताजा. दुसरा कालचा, बर्फातला."

चिंबोऱ्या तेवढ्या खडखडत होत्या. आवडाबाईनं नाक सोडलं, डोळ्यांवरचा पदर काढला. तिच्या हातात एकच बोय होता. बाकीचे फडक्याखाली तसेच झाकलेले होते.

"दोन्ही वेळेला हाच ठेवलेला," ती म्हणाली.

मालन आता हसत नव्हती. ती पुढे होऊन घाईघाईनं म्हणाली, "अवो आजी, त्या शिंगाळ्याच्या काट्यानं तिचा अंगठा..."

"तू गप. मना ठाव हाय तू काय करतेस ती. ही झोपेत बोलते, मालन माझे स्विच दाबते, देव तिचं बरं करो. तुझं मन चांगलं हाय, माझ्या सुनेपाठी तू उभी राहिलीस, मी तुझे पाय धरीन. पण तू तिचे स्विच दाबून देशील, तिचा हात कोण दाबून देईल?"

शेवंतीनं हात पदराखाली घेतला. आवडाबाईनं तो ओढून बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. चट्ट्यावरच आपला म्हातारा, खवल्यांनी चमकणारा अंगठा ठेवला.

"माझी आये," ती म्हणाली, आणि थांबली. सून म्हणून आल्यापासून शेवंतीनं सासूला स्वतःच्या आईबद्दल बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माझी आये खाजणाच्या कडेला झोपडीत रायची. एकटी. मी भात घेऊन जायची. दगडावर ठेवायचा नि मागं न बघता यायचं, असं मला सांगितलेलं. कुणी बोलायचं, खारं पाणी लागलंय. कुणी बोलायचं, बाहेरचं हाय. माझ्या बापसानं पण खरं नाव कवा घेतलं नाय, ती मेली तवा पण नाय. मी मागं बघायची. ती हात हलवायची, तर त्या हाताला बोटं नव्हती."

"आये, नको गो," शेवंती म्हणाली.

"गेल्या साली दवाखान्यातली पोरगी दारात आलेली. कुणाच्या अंगावर चट्टा हाय का, विचारत. मीच तिला बोलले, आमच्या घरात तसलं काय नाय, जा पुढं. पण ती जाता जाता जी बोलली ती मी ऐकलेली हाय. गोळ्या हायत. फुकट देतात. घरातच रायाचं, घरातच खायाचं, झोपडी कुणी बांधायची नाय. अंगठ्यातली जाण परत येईल का नाय मना ठाव नाय, पण बोटं रातील. उद्या मी पाटी घेऊन बसणार नाय. तुझ्याबरोबर येणार. ही पण येईल. येशील ना गो?"

"येते," मालन म्हणाली. तिनं येऊन शेवंतीच्या खांद्याला खांदा लावला आणि खालीच, ओल्या फरशीवर, नव्या साडीनिशी बसली.

शेवंतीनं दोघींकडे बघितलं. रडावं की पाया पडावं, हे तिला कळत नव्हतं. एवढे दिवस सगळ्यांनी तिला किती जपून, किती हळू हातानं धरलं होतं, आणि तिनंही तो शब्द पडू नये म्हणून किती जपून पावलं टाकली होती. "तिथं जाऊन काय सांगायचं, आये?" तिनं विचारलं. "काय झालंय बोलायचं?"

आवडाबाईनं तिचा अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला.

"महारोग," ती म्हणाली. "महारोग झालाय तुला. माझ्या आयेला झालेला तोच. आता तू बोल. नाव घेतल्याबिगर गोळ्या कशा मागणार?"